बबनरावांची सोनोग्राफी

मेडशीच्या फाट्यावर एसटी थांबली की उतरणाऱ्यांपैकी एखादा तरी लंगडत उतरतो, किंवा हात गळ्यात बांधून. त्याला दवाखाना कुठे म्हणून विचारावं लागत नाही. पानठेलेवाला चुना लावता लावताच मानेनं दाखवतो, "फोटोवाल्या बबनरावकडं ना? ते काय समोर." दवाखाना आहे डॉक्टर रुचिका यांचा. पाटीवर नाव त्यांचं, डिग्र्या त्यांच्या, वीजबिलही त्यांच्याच नावानं येतं. पण चारी बाजूंच्या खेड्यांत तो ओळखला जातो एक्स-रे काढणाऱ्या बबनरावांच्या नावानं. डॉक्टरांना याचं काही वाटत नाही. बबनरावांना मात्र फार वाटतं आणि ते लपवायचा प्रयत्न त्यांनी कधी केलेला नाही.

माणूस रिठदचा. घरी शेती होती, पण बबनरावांचा जीव लहानपणापासून यंत्रात. अकोल्याला जाऊन एक्स-रेचा कोर्स केला आणि रुचिकांच्या वडिलांनी हा दवाखाना काढला त्याच वर्षी इथे येऊन चिकटले. त्याला आता एकतीस वर्षं झाली. थोरले डॉक्टर गेले, दोन फ्रॉक आळीपाळीनं घालून दवाखान्यात हुंदडणारी रुचिका स्वतः डॉक्टर होऊन खुर्चीवर बसली, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचे दिवस संपून कॉम्प्युटर आला. बबनराव तेच राहिले. तोच पांढरा शर्ट, त्याच मिशा. फक्त मिशांना आता दर पंधरा दिवसांनी काळा रंग लावावा लागतो, आणि तो लावून झाल्यावर त्यांची बायको प्रयागबाई आरसा उलटा करून ठेवते, नाहीतर हे गृहस्थ अर्धा तास हलत नाहीत.

त्यांच्या हातात खरंच हुनर होतं. रडून घर डोक्यावर घेणारं पोरगं त्यांच्या टेबलावर गप पडून राही. "हाललास तं फोटो वाकडा येईन," ते दरडावत, "अन् मंग हात बी वाकडाच राहीन." पोरगं श्वाससुद्धा घेत नसे. मग बबनराव फिल्म घेऊन अंगणात येत. खोलीत त्यासाठी दिव्याची पेटी आहे, पण लोकांना सूर्यावर धरलेली फिल्म लागते. आपल्या माणसाचं हाड त्यांना आरपार दिसलं पाहिजे. बबनराव फिल्म वर धरत, भोवती दहा-पंधरा माणसं माना वर करत, ज्यांचा पेशंटशी काही संबंध नाही तीही करत, आणि बबनराव निकाल देत. "मोडलं." किंवा, "साबूत हाये. मुरगळलं फक्त."

डॉक्टर बघायच्या आधी निकाल द्यायचा नाही, असं रुचिकांनी त्यांना किती वेळा बजावलं असेल.

"काका, निदान मी करायचं असतं."

"मी कुठं निदान करतो ताई? मी तं फक्त सांगतो."

यावर काय बोलणार? एक तर ते वडिलांच्या वेळचे. त्यात बहुतेक वेळा त्यांचं खरं निघे, आणि खरं निघालं की ते मिशीला हात लावत. रुचिका हसून सोडून देत. हे सोडून देणं चुकीचं होतं, असं त्या आज स्वतःच म्हणतात.

अशा माणसासमोर गेल्या वर्षी सोनोग्राफी आली. म्हणजे यंत्र दवाखान्यात आधीपासून होतं, पण ते पोटुशा बायांसाठी. त्या खोलीचा दरारा वेगळा. यंत्राची सरकारदरबारी नोंद, ते खोलीबाहेर हलवायचं नाही, दारावर मोठ्या अक्षरांत पाटी की इथे मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही. पाटी वाचता न येणाऱ्यालाही ते दार कुणाचं ते ठाऊक असतं, कारण बाहेरच्या बाकावर सातव्या-आठव्या महिन्याच्या बाया पाय सोडून बसलेल्या असतात. रुचिका नागपूरला आठ दिवस शिकून आल्या आणि त्यांनी जाहीर केलं, की लहान मुलांचे हात आता आधी सोनोग्राफीवर बघायचे, गरज पडली तरच एक्स-रे.

बबनरावांनी हे मनाला लावून घेतलं. "पोटाची मशीन हाडाले लावून राह्यल्या," ते प्रयागबाईला म्हणाले. "उद्या स्टेथोस्कोपानं दात पाह्यतीन."

रुचिकांनी त्यांना बसवून समजावलं होतं. या यंत्रातून किरण जात नाहीत, फक्त आवाज जातो, आपल्याला ऐकू न येणारा. तो हाडाच्या पाठीवर आपटून परत येतो आणि पडद्यावर हाडाची पांढरी रेघ उमटते. हाड मोडलं असेल तर रेघ मोडते. मूल आईच्या मांडीवरच बसतं, दुखरा हात वाकडातिकडा करून टेबलावर ठेवावा लागत नाही. बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"फिल्म भेटते का हातात?"

"नाही. एक छोटा कागद निघतो."

"मंग लोकं काय सूर्यावर धरतीन?" असं म्हणून ते उठले. त्यांच्या मते विषय संपला होता. नव्या नियमाला त्यांनी उघड विरोध केला नाही. फक्त डॉक्टर कामात असल्या आणि पोरगं दारात आलं, की ते आधी त्याला आपल्या टेबलावर घेत.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमाराला तांड्यावरची हिरीबाई नातीला घेऊन आली. नात रेणू, सात वर्षांची, दुसरीत. आई-बाप चारच दिवसांपूर्वी ऊसतोडीला गेले होते. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला आजीजवळ ठेवलं होतं, आणि सुनेनं निघताना एकच गोष्ट सांगितली होती, की पोरीकडे लक्ष द्या. चार दिवसांत पोरगी मळणीनंतर उरलेल्या सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगावर चढली आणि घसरून हातावर पडली. कोपर सुजून टम्म झालं होतं. रेणू रडत नव्हती. दुसऱ्या हातानं तो हात पोटाशी धरून गप बसली होती, आणि हिरीबाईला रडण्यापेक्षा ते गप बसणंच जास्त भेववत होतं.

डॉक्टर आत एका म्हाताऱ्याच्या मोडलेल्या पायाला प्लास्टर घालत होत्या. बबनरावांनी सवयीनं काम हातात घेतलं. फोटो काढला, छान काढला, फिल्म घेऊन अंगणात आले आणि सूर्यावर धरली. हिरीबाई पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडे बघत राहिली. बबनरावांनी फिल्म डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. कुठे भेग नाही, कुठे चीर नाही.

"साबूत हाये हाड. कायी नाही झालं. मुरगळलं."

हिरीबाई मटकन पायरीवर बसली आणि आता रडली. डोळे पुसून तिनं सुनेला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, हाड साबूत आहे, फोटोवाल्या भाऊनं सांगितलं, मी आता हिला जऊळक्याला उकंडरावकडे नेते, तेल लावून मुरगळा काढून घेते. बबनरावांनी फिल्म पाकिटात घालून दिली, आणि आजी-नात फाट्याकडे निघाल्या. उकंडराव हात ओढून, चोळून मुरगळा काढतात हे सगळ्या भागाला माहीत आहे. बबनरावांनाही माहीत होतं. त्यात वावगं काय, असंच त्यांना वाटलं.

हात धुऊन रुचिका बाहेर आल्या आणि कॉम्प्युटरवर तोच फोटो उघडून बघत उभ्याच राहिल्या.

"काका, ही मुलगी कुठंय?"

"गेली. साबूत हाये न हाड."

"हाड दिसतंय तेवढं साबूत आहे." त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला. "सात वर्षांच्या मुलीचं कोपर आहे हे. निम्मं हाड अजून कच्चं असतं, फोटोत उमटतच नाही. हे बघा, मागच्या बाजूला ही काळी तिरपी सावली. आत रक्त साचलंय, म्हणून इथली चरबी वर उचलली गेलीय. हाड बहुतेक मोडलंय, फक्त सरकलेलं नाही. मला सोनोग्राफीवर बघायलाच पाहिजे. कुठे गेली ती?"

"जऊळक्याले. चोळाले."

रुचिकांनी पडद्यावरच्या कोपरावर बोट ठेवलं. मग एवढंच म्हणाल्या, "तिथूनच हाताची मोठी रक्तवाहिनी जाते काका. बोटं हलवणारे मज्जातंतूही तिथूनच जातात. कुणी तो हात ओढला आणि हाड सरकलं, तर पंजा कामातून जाईल."

एकतीस वर्षांत बबनराव दवाखान्याबाहेर पळत गेलेले कुणी पाहिले नव्हते. त्या दिवशी फाट्यावरच्या सगळ्यांनी पाहिले. पायातली एक चप्पल वाटेत राहिली.

गाडी येऊन उभी होती. हिरीबाई रेणूला पुढे करून दाराशी गर्दीत शिरत होती.

"बाई! थांबा! मॅडम बलावून राह्यल्या. पोरीची सोनोग्राफी करा लागते!"

ही बबनरावांची त्या दिवसातली दुसरी चूक. भर फाट्यावर, तीस-चाळीस माणसांत, त्यांनी हा शब्द ओरडून उच्चारला. लोकांनी वळून आधी बबनरावांकडे पाहिलं, मग रेणूकडे. हिरीबाईनं पोरीला पदराखाली ओढलं.

"काय म्हनले तुमी?" तिचा आवाज कापत होता. "सोनोग्राफी? माही पोट्टी सात सालची हाये! तिची काहून करता सोनोग्राफी? तांड्यावर मी काय तोंड दाखवू? हिची माय मले काय म्हनीन?"

"बाई, तसं नाही. हाताची करा लागते."

"हाताची सोनोग्राफी कुठं असते का? मले येडी समजता? तुमीच तं म्हनले हाड साबूत हाये." आणि तिनं पायरीवर पाय ठेवला.

कंडक्टरनं दोरीला हात घातला. "काय बबनराव, चढता का उतरता?"

बबनरावांच्या मनात त्या वेळी काय आलं ते त्यांनी पुढे प्रयागबाईला सांगितलं, म्हणून आपल्याला कळतं. आधी राग आला, या अडाणी बाईचा. मग रेणूकडे लक्ष गेलं. पोरगी अजूनही तो हात दुसऱ्या हातानं तोलून धरून होती, तान्ह्या पोराला धरावं तसा, आणि गर्दीत त्याला कुणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभी होती. मुरगळलेला हात कुणी असा धरत नाही. एकतीस वर्षांत हजारो मोडलेले हात बघितलेल्या माणसाला हे सकाळीच दिसायला हवं होतं. ते फोटोकडे बघत राहिले आणि पोरीकडे बघायचं राहून गेलं. मग त्यांना आपलाच राग आला.

"बाई," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणायचं काही त्यांना सुचलं नाही, "माहा फोटो चुकला."

पानठेलेवाल्यानं कात लावायचं थांबवलं. फोटोवाल्या बबनरावांचा फोटो चुकला, हे या फाट्यावर कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि ते बबनरावांच्याच तोंडून ऐकायला मिळेल असं तर कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

"मी साबूत म्हनलो. चुकलो मी. लेकराचं हाड कच्चं राह्यते, ते माह्या फोटोत आलंच नाही. मॅडमले दिसलं. आता हिले कोनी चोळलं तं पंजा जाईन हिचा. मंग हिच्या मायले तुमी काय सांगान, अन् मी काय सांगू?"

हिरीबाईचा पाय पायरीवरून खाली आला. तिनं नातीच्या हाताकडे पाहिलं, बबनरावांच्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं. गाडी निघून गेली.

"येतो," ती म्हणाली. "दुसरा फोटो काढा, दहा काढा. पर त्या पोटुशा बायांच्या दारातून माही पोट्टी जानार नाही. एक डाव नाव खराब झालं तं झालं."

तिचंही काही चुकत नव्हतं. ज्या दाराबाहेर तिनं आजवर फक्त पोटुशा बाया पाहिल्या, त्या दारात नातीला नेल्यावर तांड्यावर काय बोललं जाईल ते तिला बबनरावांपेक्षा चांगलं कळत होतं. समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि बबनरावांच्या सांगण्याला आज किंमतही उरली नव्हती. ते दवाखान्याकडे वळले. चप्पल दिसली ती उचलून हातात घेतली.

दवाखान्यात त्या बाकावर पाच बाया बसल्या होत्या. बबनराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हिरीबाईला म्हणाले, "पह्यले मी जातो."

"कुठं?"

"याच दारातून. माही करतीन सोनोग्राफी. तुमी उभ्या राहून पाहा. मंग ठरवा."

बाकावरची एक बाई फिसकन हसली, आणि मग पाचही जणी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. काळ्याभोर मिशांचे, एका पायात चप्पल आणि एक हातात असे बबनराव त्यांच्यामधून वाट काढत आत गेले आणि बायांच्या खाटेवर आडवे झाले. रुचिकांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा दारातल्या हिरीबाईकडे पाहिलं. "कुठला हात काका?" एवढंच म्हणाल्या.

बबनरावांनी डावी बाही वर केली. लहानपणी रिठदला विहिरीच्या काठावरून पडून ते मनगट मोडलं होतं आणि थोडं वाकडंच जुळलं होतं. रुचिकांनी त्यावर जेली टाकली.

"अरे बाप्पा, थंड हाये न!" बबनराव ताडकन उठून बसले.

आणि रेणू हसली. सकाळपासून पहिल्यांदा. हिरीबाईनं ते हसू पाहिलं आणि ती नकळत दोन पावलं आत आली.

पडद्यावर राखाडी धुक्यात एक पांढरी रेघ आली. सरळ चालत गेली, मनगटाजवळ एक उंचवटा चढली, उतरली. "हे काकांचं जुनं मोडलेलं हाड," रुचिका म्हणाल्या. हिरीबाईनं पडद्याकडे पाहिलं, बबनरावांच्या मनगटाकडे पाहिलं, बोट लावून तो उंचवटा चाचपला. मग विचारलं, "पोटाचं कायीच नाही दिसत याच्यात?"

"हातावर धरलं तर हातच दिसतो आजी."

हिरीबाईनं खोलीचं दार लावून घेतलं आणि नातीला मांडीवर घेऊन खाटेवर बसली. बबनराव खाली उतरले, जेलीची बाटली उचलली आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहिले. ती कोमट झाल्यावरच त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आधी रेणूचा चांगला हात. कोपराच्या मागे पांढरी रेघ सलग गेली. मग दुखरा हात, जागचा न हलवता, आहे तसाच. रेघ निघाली, चालली, आणि एका जागी केसभर तुटून किंचित खाली उतरली. वर काळोखासारखं साचलेलं रक्त होतं. रुचिका काही बोलायच्या आत हिरीबाईनं पडद्यावर बोट ठेवलं.

"इथं तुटली रेघ."

"हो आजी. इथंच."

बबनरावांनीही पाहिलं. आपल्या फोटोत जी जागा त्यांनी दोनदा निरखली होती, तीच. त्यांचा हात मिशीकडे गेला नाही.

नशीब की हाड सरकलं नव्हतं. नाडी चांगली लागत होती, बोटं हलत होती. हात कोपरात वाकवून प्लास्टर झालं. जाताना हिरीबाईनं सोनोग्राफीचा तो चिटोऱ्याएवढा कागद अंगणात नेऊन सूर्यावर धरला. आरपार काहीच दिसलं नाही. बबनराव शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी कागद खाली उन्हात धरून तिला रेघ पुन्हा दाखवली. मग तिनं तो एक्स-रेच्याच पाकिटात जपून ठेवला.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात आखडला होता, पण रोज थोडा थोडा मोकळा होत गेला. संक्रांतीच्या सुमाराला रेणूची आई उसाच्या फडातून व्हिडिओवर दिसत होती आणि म्हणत होती, "कान पकडून दाखव." रेणूनं त्याच हातानं कान पकडला. आईनं दुसरा म्हटलं, तिनं दुसराही पकडला. पलीकडे आई उसाच्या पाचटातच खाली बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. हे सगळं दवाखान्याच्या अंगणात झालं, कारण बबनरावांना दाखवल्याशिवाय फोन लावायचा नाही असा रेणूचा हट्ट होता.

बबनराव अजून फोटो काढतात. मोठ्या माणसांचे, आणि मॅडमनी सांगितलं तर पोरांचेही. फिल्म अजून सूर्यावर धरतात, त्यावाचून लोक ऐकत नाहीत. पण सगळ्या माना वर झाल्या आणि कुणी विचारलं, "सांगा न बबनराव, मोडलं का?" की ते म्हणतात, "मॅडम सांगतीन." हे म्हणताना त्यांना त्रास होतो, तो चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो, तरी म्हणतात.

परवा मात्र रिठदकडून आलेला एक बाप दारातच अडून बसला. पाच वर्षांच्या पोराचं मनगट सुजलेलं, आणि सोनोग्राफी म्हणताच हा गडी तापला. पोराची सोनोग्राफी? आमची थट्टा करता का? बबनराव समजावत होते, बाप ऐकत नव्हता. हिरीबाई त्या दिवशी आपल्या बीपीच्या गोळ्या न्यायला आली होती. ती बाकावरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"काहून लाजता बाप्पा? माह्या रेणूची केली. हात वाचला तिचा, वही भरून लिहून राह्यली आता. अन् या बबनभाऊची बी केली. एवढा मिशीवाला मानूस, पाच पोटुशा बायांमंदून आत गेला, आपली इज्जत बाजूला ठेवून, माह्या पोट्टीसाठी. तुमी तं बाप हाये त्याचे."

बाप दारातून बाजूला झाला. बाकावर कुणी हसलं नाही.

बबनरावांनी दार उघडलं, पोराला आत घेतलं, आणि जेलीची बाटली दोन्ही तळव्यांत धरून, खाली मान घालून, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ चोळत राहिले.